चतुराबाईंचे माहेर

१

विस्तव मागायला म्हणून धुरपदाबाई सकाळी शेजारच्या घरात गेल्या, तेव्हा चतुराबाई ओसरीवर कुशीवर निजलेल्या होत्या. हाक मारली तरी उठेनात. अंगाला हात लावला तर अंग थंडगार. धुरपदाबाईंच्या रडण्याने शेळगव्हाणची माणसे धावत आली, पण त्यांची नजर आधी प्रेतावर गेलीच नाही. उंबऱ्यात एक गाठोडे पडले होते. कोऱ्या, बिनकाठाच्या, पांढऱ्या कापडाचे. कोणीतरी काठीच्या टोकाने त्याची गाठ उकलली. आत त्याच कापडाचे फाडलेले तुकडे, कापराच्या वड्या आणि बोरीचा मूठभर पाला.

कफन, असा शब्द एकाने उच्चारला आणि बाकीचे दोन पावले मागे सरले.

चतुराबाई म्हणजे सूर्यभानची आई. आणि सूर्यभान म्हणजे त्या मुलखात निजाम सरकारच्या डोळ्यांत सलणारे नाव. त्याच्यावर पकडवॉरंट होते. वर्षभर तो हद्दीपलीकडे, निजामाविरुद्ध लढणाऱ्यांच्या वऱ्हाडातल्या छावणीत राहत होता. त्याचे लग्न झालेले नव्हते, बाप कधीच गेलेला. घरात म्हातारी एकटी. दुपारपर्यंत गावाने निवाडा करून टाकला: रझाकारांनी सूर्यभानला धाक घालण्यासाठी दारात कफन ठेवले, ते पाहून म्हातारीची छाती फुटली. कोणी म्हणाले विष घातले, कोणी म्हणाले पाल्यातून करणी केली.

मुलगा येऊ शकत नव्हता. भावकीतल्या एकाने अग्नी दिला.

तिसऱ्या दिवशी सूर्यभानचा माणूस लिंबाजी पिंगळीला दिनकरराव वकिलांकडे आला. दिनकररावांनी परभणीच्या कोर्टातली वकिली सोडून बरीच वर्षे झाली होती. पिंगळीच्या घरात ते पुस्तकांच्या सोबतीने राहत. सूर्यभानच्या पहिल्या खटल्यात ते उभे राहिले होते आणि हरले होते. आपल्यापेक्षा बरा वकील असता तर तो सुटला असता, हे त्यांच्या मनातून कधी गेले नाही.

लिंबाजीने दोन कामे सांगितली. छावणीला सूर्यभानच्या आईचे लहानसे चरित्र छापून वाटायचे होते. त्यासाठी तिचे माहेर कोणते, घराणे कोणते, हे शोधायचे. सूर्यभानला स्वतःलाही ते ठाऊक नव्हते. माझं माहेर दुष्काळात गेलं, एवढेच ती म्हणत असे. दुसरे काम, कफन कोणी ठेवले त्याचे नाव.

दिनकरराव म्हणाले, दुसरे काम माझ्याने होणार नाही, मी म्हातारा माणूस.

"नाव तर हायच आमच्यापशी," लिंबाजी म्हणाला. "दस्तगीर मन्यार. पालमचा बांगड्यावाला. आदल्या सांजंला त्याला त्या घरातून निघताना लोकांनी बघितलंय. दहाव्याला सूर्यभानदादा नदीवर येणार हायती. तवा त्याचा निकाल लागतोय. तुमी निस्ती खात्री करून द्या, वकीलसाहेब. उगं निरपराध मरू ने."

शेवटचे वाक्य तो खाली बघत बोलला होता. दिनकररावांनी नाही म्हणायला तोंड उघडले. मग त्यांच्या ध्यानात आले की आपण नाही म्हटले, तर हे लोक दुसऱ्या कोणालाही विचारणार नाहीत.

२

गाठोडे बन्सीधर पाटलांच्या गोठ्यात एका कोनाड्यात ठेवलेले होते. घरात घ्यायला बायका तयार नव्हत्या. पाटील जाडजूड, घामेजलेला, बोलताना सारखा पागोटे सारखे करणारा माणूस. तो पोलिसांना खबरा देतो असे गाव मागून बोलत असे, आणि ते त्याला ठाऊक होते.

त्याने आपण होऊनच विषय काढला. म्हणाला, लोक आता माझ्याकडेही बोट दाखवतील. पण म्हातारीच्या अंगावर शेवटचे लुगडे कोणी घातले ते विचारा. मी घातले.

ही त्या भागातली रीत. बाई सवाष्ण असो की विधवा, तिच्या देहावर शेवटचे वस्त्र माहेरचे हवे. भाऊ लुगडे घेऊन पोचेपर्यंत प्रेत उचलत नाहीत. ज्या बाईला माहेर नाही तिला गावातला कोणीतरी भाऊ होऊन लुगडे देतो.

"दुपार टळली तरी कोणी उठंना," पाटील म्हणाला. "मंग मीच उठलो. शत्रूची का असंना, आई हाय. बिनमाहेरची कशी जाऊ द्यावी?"

दिनकररावांना त्याच्या बोलण्यात खोटे सापडले नाही. त्यांनी गाठोडे मागितले. पाटील दूर उभा राहिला.

कापड कात्रीने कापलेले नव्हते, हाताने फाडले होते. एक मोठी चादर, एक तिच्याहून लहान, एक गळ्यापुरते चिरलेले अंगरख्यासारखे, एक ओढणीएवढे, एक आडवी पट्टी. दिनकरराव परभणीला ज्या गल्लीत भाड्याने राहत तिथे एका मुन्शीचे कुटुंब होते. मुन्शीची आई गेली तेव्हा त्यांनी हे असेच तुकडे दोरीवर टाकलेले आणि देहाला घालायच्या पाण्यात बोरीचा पाला पाहिला होता. पुरुषाच्या कफनात ओढणी नसते. छातीची पट्टीही नसते.

हे कापड सूर्यभानसाठी नव्हते. बाईसाठी होते.

आणि ज्याला धाक घालायचा त्याला दारात एक चिंधी टाकली तरी पुरते. ओढणीच्या मापापर्यंत कोण जातो? त्यांनी तुकडे पुन्हा होते तसे घडी केले. करताना त्यांना जाणवले की कापडाची कोरी खळ तशीच खडखडीत आहे, पाण्याचा डाग कुठे नाही. कापूर सुटा, पाला सुकलेला, पण स्वच्छ. चिखलाचा एक थेंब नाही.

"ती गेली त्या रात्री पाऊस होता का?" त्यांनी विचारले.

पाटील म्हणाला, पाऊस कसला, श्रावणाची झड लागली होती. पहाटेपर्यंत पन्हाळ वाहत होती, रात्रभर उंबऱ्यावर पाणी उडत होते.

३

धुरपदाबाई भाकरी थापत होत्या. परका पुरुष म्हणून त्यांनी पदर ओढून घेतला आणि पाठमोऱ्याच बोलत राहिल्या. गाठोडे उंबऱ्यात होते. आपण स्वतः पाहिले. पहिल्यांदा आपणच पाहिले.

दिनकररावांना उलटतपासणी कधी चांगली जमली नव्हती. समोरचा अडखळला की त्यांनाच अपराधी वाटे. त्यांनी फक्त गाठोडे पुढे केले आणि हात लावून बघा म्हणाले. रात्रभर उंबऱ्यात असते तर भिजले असते.

तव्यावरची भाकरी करपायला लागली. धुरपदाबाईंनी ती उलटली नाही.

"कवळ्यात व्हतं तिच्या," त्या म्हणाल्या. "लेकराला घेऊन निजावं तसं. गाल टेकला व्हता त्याच्यावर. मीच काढून उंबऱ्यात ठिवलं."

"का काढलंत?"

"मंग काय करू? सूर्यभानची आई मुसलमानाचं कापड उराशी धरून मेली, असं म्हणू द्यायचं व्हतं का गावाला? तो सभेत उभा राहून काय बोलत असतोय, तुमी ऐकलंय न्हवं? तिची अब्रू झाकायला गेले मी, दादा. मला काय ठाऊक हे असं हुईल."

त्या रडू लागल्या. आपल्या हाताने एका माणसाच्या गळ्याला फास लागतो आहे, हे त्यांना तीन दिवस कळत होते आणि कोणाला सांगता येत नव्हते. दिनकररावांनी त्यांना दोष दिला नाही. भ्यालेला माणूस जे बघून भ्याला ते कवळ्यात घेऊन निजत नाही. म्हणजे चतुराबाई भ्याल्या नव्हत्या. विषाचे तर काहीच चिन्ह नव्हते. पाय दोन महिन्यांपासून सुजले होते, पोटात पाणी झाले होते. वैद्याने हात टेकले होते आणि हे म्हातारीलाही माहीत होते.

उठता उठता त्यांनी दस्तगीरचे विचारले. धुरपदाबाई म्हणाल्या, तो काय आजकालचा नाही. फेरीवर आला की त्या ओसरीच्या पायरीवर बसायचा, पाणी प्यायचा. कधी चतुराबाई त्याला भाकरी द्यायच्या. बांगड्यावाल्याला कोण अडवतो? बायांचा हात हातात घ्यायची मुभा असलेला तो एकच परका पुरुष.

दिनकरराव दाराशी थांबले.

"धुरपदाबाई, त्या घरात बांगड्या कोण भरायचं?"

विधवा म्हातारी. सून नाही, लेक नाही. एवढी वर्षे बांगड्यावाला त्या पायरीवर बसत होता, आणि त्या घरात काचेची बांगडी घालणारा एकही हात नव्हता.

४

लग्नाच्या वेळी चतुराबाई देवगाव फाट्याकडच्या एका वस्तीवरून आल्या, एवढे पाटलाला आठवत होते. दिनकरराव बैलगाडीने तिथे गेले. ज्या घरातून ती लेक निघाली त्या घरात आता एकच माणूस उरले होते, कस्तुराबाई. चतुराबाईंची भावजय. भावाचे लग्न लहानपणीच झाले होते आणि तो तरुणपणीच वारला, तेव्हापासून चतुराबाईंचे इकडे येणे सुटले होते. कस्तुराबाईंना डोळ्यांनी दिसत नव्हते, पण बोलायला माणूस मिळाले म्हणून त्या खुलल्या.

नणंद गेल्याचे त्यांनी ऐकून घेतले. मग म्हणाल्या, ती काही या घरात जन्मली नव्हती. मोठ्या दुष्काळात रस्त्याने माणसे चालत होती, आणि चालता चालता बसत होती. माझ्या सासऱ्याला एका बाभळीखाली ही पोर सापडली. जवळ कोणी नाही. सासूने पेज पाजली आणि ठेवून घेतली. नाव विचारले तर सांगेना, म्हणून सासूनेच चतुरा ठेवले.

"अंगावर एक बी गोंदण न्हवतं," कस्तुराबाई म्हणाल्या. "आमच्यात एवढी पोर बिनगोंदणाची ऱ्हातीय का? सासूनं गपचूप गोंदून घेतलं. झोपंत अम्मा म्हणायची. सासू म्हणायची, आई म्हणतीय. तिनं कुणाला कळू दिलं न्हाई. आता ती बी न्हाई, चतुरा बी न्हाई. कोणाचं काय बिघडतंय?"

मग त्यांनी एका दिवाळीची गोष्ट सांगितली. चतुरा सासरहून सणाला आली होती, कडेवर सूर्यभान. एक मन्यारीण दारोदार बांगड्या भरत आली. नवखी नव्हती. हात दाबला की बांगडी कधी चढली ते कळू नये, असे तिचे कसब. चतुराचा हात तिने हातात घेतला. चतुराची डाव्या हाताची करंगळी वाकडी होती, लहानपणी भाजलेली. मन्यारणीच्या हातातली बांगडी फुटली. दुसरी घेतली, तीही फुटली. तिसरी फुटली. हाताला काच लागून रक्त आले तरी ती तो हात सोडीना.

सगळ्या बाया हसल्या. मन्यारीण म्हणाली, डोळ्यात काच गेली, म्हणून पाणी येतंय.

"त्याच्यानंतर ती वर्साला यायची. आधी इथं, मंग चतुराच्या सासरी. तिचा ल्योक टोपलं घेऊन मागं असायचा."

परतीच्या वाटेवर गाडीवान काहीतरी बोलत होता, दिनकररावांना ऐकू येत नव्हते. गावोगाव प्रत्येक पोरीचा हात हातात घेता यावा, म्हणून ती बाई मन्यारीण झाली असेल का? किती गावे फिरली असेल? आणि लेक सापडली तेव्हा तिच्या कपाळावर कुंकू होते, कडेवर मूल होते.

लिंबाजीने दोन प्रश्न दिले होते. माहेर कोणते, आणि कफन कोणी ठेवले. दिनकररावांना आता कळून चुकले की त्या दोन प्रश्नांचे उत्तर एकच आहे.

५

दस्तगीर पळून गेलेला नव्हता. शेळगव्हाणबाहेरच्या तकियात, म्हणजे फकिराच्या जुन्या मठीत, पडक्या भिंतीला टेकून तो बसला होता. बांगड्यांचे टोपले शेजारी, झाकलेले. लिंबाजीची दोन माणसे समोरच्या शेतात तण काढल्याचे सोंग करत त्याच्यावर नजर ठेवून होती. दस्तगीरला तेही दिसत होते.

दिनकररावांनी आडवळणे घेतली नाहीत. तुमच्या बहिणीबद्दल विचारायला आलो आहे, असे म्हणाले.

त्या माणसाने इतके दिवस तोंडावर धरून ठेवलेले सगळे गळून पडले. तो रडला नाही. फक्त जरा पुढे वाकून बसला.

"कुणी सांगितलं?"

दिनकररावांनी सांगितले. करंगळीपर्यंत आल्यावर दस्तगीरने हात वर केला, पुरे म्हणून.

मग तो हळूहळू बोलला. अम्माने शपथ घातली होती, तिच्या संसारात पाऊल टाकायचे नाही. बहिणीलाही तेच हवे होते. अम्मा गेली, मेहुणा गेला, बहिणीच्या हातातल्या बांगड्या फुटल्या, तरी तो येत राहिला. कारण विचारायचे कोणाच्या मनात आले नाही. पाय सुजल्यावर तिने त्याला सांगितले, मी या पावसाळ्याच्या पलीकडे जात नाही, माझे कापड घेऊन ये.

"मी म्हणलो, बाई, तुझ्यात लुगडं लागतंय, कफन घेऊन काय करशील? ती म्हणली, लुगडं कोण बी दिल. मला माज्या घरचं पायजे. अंगावर घालू नगंत, पर एक डाव बघू तर दे. आमच्यात बी बाईचं कापड माहेरचंच असतंय, साब. तुमच्यासारखंच. हातानं फाडावं लागतंय. ती म्हणली माज्यासमोर फाड. फाडताना आवाज झाला तर हसली. कापराचा वास घेतला. सांज झाली, मी निघालो. इधवेच्या घरात रात्री कसं थांबावं? सकाळी रडणं ऐकलं तवा मी इथंच व्हतो. खांदा बी देता आला न्हाई."

दिनकररावांनी समोरच्या शेताकडे पाहिले आणि विचारले, हे लोक कशासाठी बसलेत, ठाऊक आहे ना?

"हाय की."

"मग गेला का नाहीत?"

"दहा दिस तर बसावं म्हणलं बहिणीपायी. दुसरं कोण हाय तिचं बसाया?"

दिनकरराव म्हणाले, मी सूर्यभानला सगळे सांगतो. तेव्हा मात्र दस्तगीरने त्यांचा हात धरला. त्याचे हात बाईसारखे मऊ होते.

"नगं, साब. तिनं त्याला जलमभर सांगितलं न्हाई. तिच्या माघारी मी कोण सांगणार? माजी काय, उमर झाली."

६

नदीच्या वळणावर बाभळीच्या बनात सूर्यभान आला तेव्हा त्याला ओळखणे कठीण गेले. डोके भादरलेले, गाल बसलेले. विधी घाईघाईत उरकले. वर रस्त्यावर माणसे पहाऱ्याला होती.

दिनकररावांची रात्र जागून गेली होती. दस्तगीरचे मन राखावे तर त्याचा जीव जातो, जीव राखावा तर मृत बाईचा शब्द मोडतो. आपल्याहून शहाण्या माणसाला काहीतरी तिसरे सुचले असते. त्यांना सुचले नाही. त्यांनी सूर्यभानला बाजूला नेले आणि सांगायला सुरुवात केली.

खटला मांडावा तसे त्यांनी मांडले. कापड बाईच्या मापाचे. झडीच्या रात्रीही कोरडे, म्हणजे घरात आलेले, तिच्या हातात दिलेले. ते उंबऱ्यात गेले ते धुरपदाबाईंच्या भीतीने. बांगड्यावाला ज्या घरात येत होता तिथे बांगड्या नव्हत्या. ज्या पोरीला गोंदण नव्हते ती कोणाची असेल. आणि दोन्हीकडची रीत एकच, की शेवटचे कापड भावाने आणायचे. तुम्ही ज्याला धमकी म्हणता, तो बहिणीचा मान होता.

ओल्या पंच्याचा पीळ सूर्यभान सोडत होता आणि पुन्हा घालत होता.

"मला का सांगितलं न्हाई तिनं?" शेवटी त्याने विचारले.

चतुराबाई मुलाच्या प्रत्येक सभेला जात, बायकांत पुढे बसत. आपले कोण आणि परके कोण, हे तो तिथे आवाज चढवून सांगत असे. हे त्याला स्वतःलाच आठवले असावे, कारण तो एकदम खाली बसला.

मग त्याने लिंबाजीला बोलावले. त्या माणसाचा काही संबंध नाही, वकीलसाहेबांनी खात्री केली आहे, त्याला वाटेला लावा, कोणी हात लावायचा नाही, असे सांगितले. लिंबाजीने कारण विचारले. सूर्यभान त्याच्या अंगावर ओरडला. लिंबाजी गेला.

दिनकररावांनी दबकत विचारले, चरित्रात माहेर कोणते लिहू?

"दुष्काळात गेलं, असंच लिवा." सूर्यभान त्यांच्याकडे बघत नव्हता. "आज खरं लिवलं तर माझं कोणी ऐकायचं न्हाई, आन् त्याला कोणी जगू द्यायचं न्हाई. पुढं बघू."

"भेटून तरी घ्या. इथून हाकेवर आहेत ते."

सूर्यभान उठला. तकियाच्या दिशेने त्याने चार पावले टाकली असतील. रस्त्यावरून शीळ ऐकू आली, निघायची खूण. त्याची माणसे जमू लागली, त्याच्याकडे पाहू लागली. तो वळला आणि त्यांच्यात मिसळून ज्वारीतून निघून गेला.

दिनकरराव एकटेच तकियात आले. शेतातली दोन माणसे उठून गेली होती. दस्तगीर उभा होता, टोपले पायाशी. त्याला सगळे कळले होते, न सांगता. तुम्ही मोकळे आहात, पण या बाजूला पुन्हा येऊ नका, दिवस वाईट आहेत, असे दिनकररावांनी सांगितले. त्याने मान हलवली. सांगू नका म्हटले असताना सांगितले म्हणून तो रागावेल असे त्यांना वाटले होते. तो रागावला नाही. त्याला दुसरेच काही हवे होते आणि ते विचारायला त्याला जड जात होते.

"काय म्हणला मला?" त्याने शेवटी विचारले. "नावानं म्हणला, का?"

दिनकररावांना सूर्यभानचे शब्द लख्ख आठवत होते. त्या माणसाला वाटेला लावा.

"मामा म्हणाला," ते म्हणाले. "माझ्या मामाला जपून जाऊ द्या, म्हणाला."

दस्तगीर त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला. आयुष्यभर बायांचे हात हातात घेऊन, बोलणे ऐकून, खरे-खोटे ओळखायला शिकलेला माणूस तो. दिनकररावांना नजर वर ठेवता आली नाही.

"तुमी लय चांगले हाव, साब," तो म्हणाला.

त्याने टोपले डोक्यावर घेतले, एकदा शेळगव्हाणच्या घरांकडे पाहिले आणि पालमच्या वाटेला लागला.